अस्तंभा एका दिवसात होतो का?

प्रश्न जळगावच्या एका भाऊंचा आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच जणांनी अस्तंभ्याला, म्हणजे नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या शिखरावर, जायचं ठरवलंय. ते स्वतः, दोन मित्र, 58 वर्षांचे वडील आणि 12 वर्षांचा मुलगा. बेत असा की रात्री जेवून जळगाव सोडायचं, पहाटे पायथा गाठायचा, दुपारी शिखर आणि रात्री परत घरी. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. बूट कोणते घ्यावेत, दोरी लागेल का आणि महिनाभर रोज किती किलोमीटर चालावं. शेवटी एक वाक्य सहज टाकलंय, "एक मित्र यात्रेला जाऊन आलाय, तो म्हणतो काहीच अवघड नाही."

तिन्हींची उत्तरं देतो. पण भाऊ, तुमच्या बेतातली खरी अडचण बुटात नाही आणि दोरीतही नाही. ती घड्याळात आहे आणि उतरणीत आहे. डोंगर चढता येईल का, हे तुम्ही विचारलंय. पाच जण उजेडात, शाबूत गुडघ्यांनी आणि न झोपलेल्या डोळ्यांनी गाडीपर्यंत परत येतील का, हे विचारायचं राहिलंय.

मी धुळ्याचा. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. डोंगराचा नाद 1994 पासूनचा. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, तो 1998 ला झाला. सुट्टी मिळाली की लळिंग, भामेर, कान्हेरगड, तोरणमाळ आणि अधूनमधून अस्तंभा. गेली वीस-बावीस वर्षं ओळखीच्या लोकांचे छोटे गट घेऊन जातो. पैसे घेत नाही, त्यामुळे "नाही" म्हणायला मोकळा असतो.

आधी तुमच्या मित्राबद्दल. तो खोटं बोलत नाहीये. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंभ्याची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून माणसं येतात, तळोद्याकडून पायी निघतात, पुष्कळ जण रात्रीतून चढतात. अश्वत्थामा कपाळाच्या जखमेवर लावायला तेल मागत या डोंगरात फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा. (हाच अश्वत्थामा बुऱ्हाणपूरकडच्या असीरगडावरही येतो म्हणतात. म्हणजे जुन्या खानदेशाच्या दोन टोकांना त्याचे दोन मुक्काम.) त्या दिवसांत वाट चुकणंच अवघड. पुढे माणूस, मागे माणूस, बॅटऱ्यांची रांग, हात द्यायला कुणीतरी अनोळखी दादा, चहापाणी. पाय घसरला तर पडाल ते कुणाच्या तरी अंगावर.

डिसेंबरमध्ये यातलं काही नसतं. यात्रेनंतर वाट मोकळी पडते आणि कमरेएवढं गवत वाळून तिच्यावर आडवं होतं. गुरांच्या वाटा तिला येऊन मिळतात आणि रुंदीला तिच्याएवढ्याच दिसतात. डोंगर तोच, पण यात्रेत तो हजारो माणसांनी मिळून चढलेला असतो. तुम्ही पाचच जण असणार.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण लांबून छातीठोक सांगणारा माणूस डोंगराच्या बाबतीत धोक्याचा. शाळेच्या पुस्तकात अस्तंभ्याची उंची 1325 मीटर दिलेली असते. ती समुद्रसपाटीपासूनची. तुम्हाला प्रत्यक्ष किती चढायचंय ते गाडी कुठे थांबते त्यावर ठरतं. तळोद्यापासून पायी निघालात तर जवळजवळ तापीच्या सपाटीपासूनचा सगळा सातपुडा पायाखाली येतो आणि तो एका दिवसाचा विषयच राहत नाही. धडगावच्या अंगाने 'असली' नावाच्या गावाकडून गेलात तर बरीच उंची गाडीनेच चढलेली असते. पण ती गाडी कोणती, रस्त्याची त्या वर्षी काय दशा आहे, शेवटचे काही किलोमीटर पायी पडतील का, हे त्या आठवड्यात तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. वडिलांच्या तब्येतीचंही तसंच. 58 हे वय काहीच नाही. रोज शेतात जाणारे 58 आणि दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे 58, एवढाच काय तो फरक.

वेळेच्या हिशेबासाठी एक जुनी पद्धत आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये ती मांडली आणि अजून सगळीकडे वापरतात. सपाटीला ताशी साधारण 5 किलोमीटर धरा आणि वर दर 600 मीटर चढाला एक तास जोडा. उदाहरणादाखल 5 किलोमीटर वाट आणि 600 मीटर चढ घेऊ. एक अधिक एक, दोन तास. पण हा हिशेब थंड हवेच्या देशातल्या तंदुरुस्त गड्यांचा आहे आणि त्यात थांबणं धरलेलं नाही. आपल्याकडे पाच जणांच्या मिश्र गटाला, सुट्या दगडांच्या घसाऱ्यावर, पाणी पीत, फोटो काढत, काट्यातून पँट सोडवत मी सरळ दुप्पट धरतो. म्हणजे चढायला चार तास. उतरायला किती? बहुतेक जण "दीड-दोन" म्हणतात. मी तीन धरतो आणि बऱ्याचदा तीनही पुरत नाहीत.

आता उलटीकडून मोजा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. डोंगराच्या सावलीतल्या घळीत अंधार त्याच्या अर्धा तास आधीच पडतो. मला गट चार वाजता गाडीपाशी हवा, म्हणजे काही बिघडलं तर हाताशी दोन तासांचा उजेड उरतो. चार वाजता खाली म्हणजे एक वाजता वरून निघालेलं हवं, आणि हळू चालणाऱ्यासाठी त्यातून एक तास आणखी काढून ठेवायचा. उरले बारा. तेव्हा तुमच्यासाठी परतीची वेळ दुपारी बारा. शिखर समोर शंभर पावलांवर दिसत असलं तरी बाराला पाठ फिरवायची. आणि हे घरीच ठरवायचं, मुलाला आणि वडिलांना ऐकू जाईल असं मोठ्याने. वर गेल्यावर हा निर्णय कुणालाच घेता येत नाही. वर प्रत्येकाला वाटतं, "एवढं आलोय तर."

माझ्यावर बेतलं ते याच वाक्यामुळे. 2009 ची गोष्ट, साक्री तालुक्यातला डोंगर, गट माझ्याच भरवशावर आलेला. बाराचे दीड झाले, मीच म्हणालो, एवढं आलोय तर जाऊन येऊ. उतरताना पावणेसहाला शेवटची धार उरली होती. अंधाराच्या भीतीने सगळे भराभर उतरायला लागले आणि वर्कशॉपमधल्याच एका सहकाऱ्याचा घोटा दोन दगडांत अडकून मोडला. तिथून खालचं गाव डोळ्यांना दिसत होतं. दिवसा धडधाकट माणसाला चाळीस मिनिटांची वाट. त्याला झोळीत घालून खाली आणायला आम्हाला साडेपाच तास लागले, तेही गावातली सहा माणसं वर आली म्हणून. तो आजही थंडीत लंगडतो आणि मला कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रात्री जळगाव सोडण्याचा बेत तर पहिल्यांदा रद्द करा. जळगाव ते पायथा दीडशे किलोमीटरहून जास्त आहे आणि शेवटचा भाग घाटाचा. तळोद्याकडून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. अरुंद रस्ता, तीव्र वळणं, पावसाळ्यात दरडी. या घाटात यात्रेकरूंच्या गाड्या कोसळून माणसं गेलेली आहेत. रात्रभर गाडी चालवलेला माणूस दिवसभर डोंगर चढून त्याच घाटाने संध्याकाळी तुम्हाला उतरवणार, हा तुमच्या बेतातला सगळ्यात धोक्याचा टप्पा आहे आणि त्यात डोंगर कुठेच नाही. आदल्या दिवशी दुपारी निघा, शहाद्याला किंवा तळोद्याला मुक्काम करा, पहाटे उठून घाट चढा. उतरल्यावर पुन्हा तिथेच झोपा. एका दिवसाचा डोंगर म्हणजे चालणं एका दिवसाचं. प्रवास धरून दोन रात्री द्याव्या लागतात. उघड्या पिकअपमध्ये मागे उभं राहून तर जाऊच नका.

आमच्या डेपोत एक जुने ड्रायव्हर होते, अमळनेरकडचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "डोंगर काय पयी जास का भो?" म्हणजे डोंगर काय पळून जातो का भाऊ? नव्या पोरांना ते शिकवायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणारा पुढच्या वळणावर ब्रेक तापवून बसतो. पायांचं अगदी हेच आहे. चढताना तुमचं इंजिन काम करतं, म्हणजे छाती आणि श्वास. दमलात की दोन मिनिटं थांबता, श्वास जागेवर येतो. उतरताना ब्रेक काम करतात, म्हणजे मांडीच्या पुढचे स्नायू. प्रत्येक पावलाला ते ताणले जात असतानाच शरीराचं वजन झेलतात. हे काम स्नायूंना सर्वांत जास्त कुरतडतं आणि ते दोन मिनिटं थांबून भरून येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे कण्हायला होतं ते याचंच. तासाभराच्या उतरणीनंतर पाय थरथरायला लागले की समजा ब्रेकचे लायनर झिजले. तिथून पुढे माणूस पाय ठेवत नाही, टाकतो. डोंगरात पडझड होते ती बहुतेक इथेच.

म्हणून उतरायला चढण्याएवढाच वेळ द्या. पाऊल लहान ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, वजन पुढच्या पायावर. घसाऱ्याला घाबरून माणूस मागे रेलतो, टाच रोवतो आणि नेमका त्यामुळेच बुडावर आपटतो. डोंगराची सोंड उभी असेल तर सरळ न उतरता नागमोडी उतरा. काठी घ्या, प्रत्येकाने एक. महागडी असायची गरज नाही, बांबूची चालते. उतरणीत ती गुडघ्यावरचा बराच भार स्वतःवर घेते. हातांचा आधार लागेल अशा कातळावर मात्र काठी आधी खाली द्या नाहीतर सॅकला अडकवा. काठी हातात ठेवून कातळ उतरणारे मी पाहिले आहेत, त्यांचे दोन्ही हात वाया गेलेले असतात.

आता दगडाविषयी थोडं सविस्तर, कारण "खडकाळ" म्हणजे काय हे कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. आपला सातपुड्याचा हा भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक निजलेले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र. घट्ट थराचा कडा उभा राहतो, सच्छिद्र थर झिजून त्याचा मुरूम होतो आणि तिथे उतार किंवा सपाटी तयार होते. त्यामुळे आपले डोंगर जिन्यासारखे आहेत. कडा, पट्टी, पुन्हा कडा. खालून जे शिखर वाटतं ते बहुतेक वेळा पुढच्या पायरीचा काठ असतो. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर "आलं का?" आणि "अजून किती?" यातच त्याचा जीव जाईल.

दुसरं असं की प्रत्येक कड्याच्या पायथ्याशी त्याच कड्यातून निसटलेल्या दगडांचा ढीग असतो. तोच घसारा. कड्याच्या अलीकडे दोनशे पावलं पायाखालची जमीन बदलते, ती बदलली की वेग कमी करायचा. डिसेंबरमध्ये त्यावर वाळलेलं गवत असतं आणि ते कोरड्या मुरमापेक्षा वाईट. ते तळव्याखाली झोपतं आणि तळवा त्यावरून घसरगुंडीसारखा सुटतो. गवताच्या बुंध्यावर पाय ठेवा, झोपलेल्या पात्यांवर नको.

तिसरं, आधाराचे दगड. बेसॉल्टला उभ्या भेगा असतात, त्यामुळे हाताला येणारा कंगोरा छान धारदार आणि भरवशाचा वाटतो, पण तो मागून सुटलेला असू शकतो. धरण्याआधी मुठीने ठोकून बघा. घट्ट दगड ठणठणतो, सुटलेला पोकळ वाजतो. मडकं वाजवून घेतो तसंच. धरलात तरी दगड स्वतःकडे ओढू नका, खाली दाबा. कातळावर दोन हात, दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं, बाकीचे तीन रोवलेले. आणि हात टाकण्याआधी कपारीत डोळे टाका. उन्हाला आलेलं फुरसं दगडाच्याच रंगाचं असतं.

धुळे-नंदुरबारकडे फिरताना माळावर आणि डोंगरावर काळ्या दगडाच्या सरळ रेषेत गेलेल्या भिंती दिसतात. परगावचे लोक तटबंदी समजतात. त्या डाइक आहेत. जमिनीच्या भेगांत शिरलेला लाव्हा थिजला आणि आजूबाजूचा दगड झिजून गेल्यावर उघडा पडला. कधी कधी वाट अशा भिंतीच्या माथ्यावरून जाते. दिसायला फार देखणी, पण माथ्यावर सुटे ठोकळे असतात. तिथे एकेकानेच जायचं.

पडणाऱ्या दगडांचा नियम लहान पोरालाही पाठ हवा. पायाखालून दगड निसटला, मग तो बोराएवढा का असेना, की जोरात "दगड!" ओरडायचं. खालच्यांनी वर बघायचं नाही. डोकं आत घ्यायचं आणि भिंतीला चिकटायचं. घळीतून जाताना एकतर सगळे एकमेकांना खेटून, म्हणजे निसटलेल्या दगडाला वेग यायच्या आत तो खालच्याला लागतो, किंवा एकाने पूर्ण पार होऊन आडोशाला उभं राहिल्यावर दुसऱ्याने. मध्ये वीस-वीस फूट सोडून चालणं सर्वांत वाईट. गंमत म्हणून दरीत दगड ढकलणाऱ्याला मी पुढच्या वेळी नेत नाही. खाली गुराखी असतात.

दोरी. मी स्वतः वीस मीटरची दोरी नेतो, कारण मला ती कशाला बांधायची आणि कशाला नाही हे माहीत आहे. तुमच्यात कुणी शिकलेलं असेल तर जरूर न्या. नसेल तर नेऊ नका. कमरेला साधी गाठ मारून पाच जणांनी एकमेकांना बांधून घेतलं की एकाच्या पडण्याने पाच जण जातात. तुमच्यासारख्या गटाला माझा ठोकताळा असा की जिथे दोरीची आठवण होते तिथून परत फिरायचं. चढण्याआधी दर वेळी स्वतःला विचारा, "हे मला उतरता येईल का?" चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात, उतरताना त्या पायाखाली जातात आणि दिसेनाशा होतात. मग झाडावर चढलेल्या मांजरासारखं वरच अडकून बसायला होतं.

बुटांचं थोडक्यात. नवे बूट घेऊन थेट डोंगरावर जाऊ नका, किमान तीन आठवडे वापरलेले हवेत. तळवा मऊ रबराचा, खाचा खोल, पुढे बोटांना अर्धा इंच मोकळीक. सपाट तळव्याचे धावण्याचे बूट मुरमावर साबणासारखे. आदल्या रात्री पायाची नखं कापा आणि उतरायला लागण्याआधी नाड्या पुन्हा घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आदळून अंगठ्याची नखं काळी पडतात. मोजे लांब घ्या, कुसळं घोट्यात शिरतात.

सरावासाठी रोज किती किलोमीटर, हा प्रश्न मी बदलतो. सपाट रस्त्यावर रोज दहा किलोमीटर चालणारा माणूस उतरणीत कोलमडलेला मी पाहिलाय, कारण त्याच्या ब्रेकचा सरावच झालेला नव्हता. जिने उतरा. आठवड्यातून तीन दिवस चार-पाच मजले चढून उतरायचे, सुरुवातीला पाच फेऱ्या, मग वाढवत दहा-बारा, पाठीवर चार किलोचं ओझं घेऊन. गुडघा दुखला तर थांबायचं, मांडी दुखली तर चालू ठेवायचं. जाण्याआधीचे तीन दिवस पूर्ण विश्रांती.

आणि एक रंगीत तालीम करा. जळगावहून पाटणादेवी सोयीचं आहे. चाळीसगावजवळ, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत, तेव्हा वनखात्याची परवानगी आणि वेळा पाहून जा. तिथला कान्हेरगड चढून, लेणी बघून पाचही जण उतरा. उंची अस्तंभ्यासारखी नाही, पण घसारा, गवत, कातळ सगळं भेटतं. धुळ्याकडे आलात तर मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच लळिंग आहे, तिथे मी येतो सोबत. त्या दिवशी घड्याळ लावून चढायला आणि उतरायला किती लागलं ते लिहून ठेवा. मी वर दिलेल्या दुपटीच्या हिशेबापेक्षा तुमचा स्वतःचा आकडा जास्त खरा असेल. तालमीत वडिलांचा गुडघा बोलला तर अस्तंभ्याचा बेत तिथेच बदलता येतो. तोरणमाळ आहेच. गाडी पठारापर्यंत जाते, तलाव आहे, सीताखाई आहे, आजोबा-नातू मजेत फिरतील आणि बाकीचे तिघं पुन्हा कधीतरी अस्तंभ्याला जातील. त्यात कुणाचा कमीपणा नाही.

ऊन. डिसेंबर आहे म्हणून कुणी मोजत नाही. पण थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे तापीकडे तोंड केलेले उतार दिवसभर शेकतात आणि काळा दगड ती धग परत अंगावर टाकतो. पहाटे स्वेटर आणि अकराला घामाच्या धारा. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्या, वरच्या टाक्याच्या किंवा कुंडाच्या भरवशावर राहू नका. अर्धं पाणी संपलं तरी शिखर आलेलं नसेल तर तीही परतीचीच खूण. ओआरएसची पुडी एक लिटरच्या बाटलीत एकच, पूर्ण. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात ढवळून पिण्यात अर्थ नाही. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि अर्थातच तुमची केळी. सालं परत आणायची. जड जेवण आणि शेवभाजी खाली उतरल्यावर. मार्चनंतर मात्र विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, शिवाय मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यातून गवत पेटलं तर उभ्या उतारावर आग माणसापेक्षा वेगाने वर चढते. पावसाळ्यात शेवाळ आणि विजा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. धार सोडून खाली या.

आग्या मोहोळाबद्दल सगळे ऐकून असतात आणि कुणी मनावर घेत नाही. कड्याच्या पोटात लोंबणाऱ्या काळ्या पोळ्यांखालून जाताना आवाज नको, अत्तर नको, बिडी-सिगारेट नको. उदबत्तीचा धूरही नको, ती देवस्थानापाशीच लावा आणि विझवून निघा. प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक मोठं उपरणं किंवा चादर ठेवा. माश्या उठल्या तर तोंड-डोळे झाका, हात झटकू नका, तिथून दूर व्हा. उभ्या कातळावर असाल तर पळणं हेच मरण, चादर ओढून अंग चोरून बसा. काटे नखाने पटकन खरवडून काढा. श्वास लागला, ओठ सुजले, तर थेट धडगाव किंवा तळोद्याचं सरकारी रुग्णालय. सापाचंही तेच. चिरा नाही, आवळपट्टी नाही. पाय हलणार नाही असा बांधून उचलून न्यायचं. 108 आणि 112 हे नंबर आहेत, पण डोंगरात रेंज सगळीकडे नाही. रेंज शेवटची कुठे होती ते चढताना लक्षात ठेवा.

चालण्याचा क्रम. सर्वांत हळू चालणारा दुसऱ्या नंबरावर, पहिल्या माणसाच्या लगेच मागे. तुमच्या गटात बहुतेक वडील. शेवटी तुमच्या मित्रांतला जो दमदार असेल तो. मुलगा मधे. पुढे पळायची त्याला फार हौस असणार, त्याला दर अर्ध्या तासाला मागे वळून परतीची वाट कशी दिसते ते सांगायचं काम द्या. वाट येताना आणि जाताना वेगळी दिसते, आणि पोरांना ते आपल्यापेक्षा चांगलं आठवतं. वडिलांच्या बी.पी.च्या गोळ्या असतील तर त्या सकाळी घ्यायच्या की नंतर, हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. माझं त्यात काही चालत नाही. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, यातलं काहीही आलं तर "गॅस असेल" म्हणू नका.

एवढं सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर चारच गोष्टी कागदावर लिहा. आदली आणि नंतरची रात्र मुक्काम, बाराला परत, दोरीची आठवण झाली की परत, अर्ध्या पाण्याला परत. बाकीचं विसरलात तरी निभेल.

वाटाड्या घ्याच. पायथ्याच्या गावातला, भिल्ल किंवा पावरा समाजातला कुणी दादा. मजुरी निघण्याआधी ठरवा आणि घासाघीस करू नका, त्याचा एक दिवसाचा रोज बुडतोय. गावात गेल्यावर आधी एखाद्या वयस्कर माणसाला राम राम करा, कुठे चाललोय ते सांगा. देवस्थानापाशी चपला-बूट काढायचे, नारळाच्या शेंड्या आणि प्लॅस्टिक खाली आणायचं. तो डोंगर त्यांचा देव आहे. आपण पाहुणे. तो दादा "आज नको" म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

आणि उतरल्यावर, कितीही दमला असाल, गाडीत बसण्याआधी ज्या घरी सांगून गेला होतात तिथे जाऊन "आम्ही पाचही जण आलो" म्हणून सांगा. एका वर्षी आम्ही दुसऱ्या सोंडेने उतरलो, तिकडेच गाडी बोलावून घेतली आणि परस्पर धुळ्याला गेलो. सकाळी ज्या म्हाताऱ्या बाबांना सांगून गेलो होतो त्यांनी दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली आणि दोन्ही मुलांना बॅटरी देऊन वर पाठवलं. ती दोघं रात्रभर आम्हाला हाका मारत फिरली. मला हे कळलं ते पुढच्या वर्षी, त्यांच्याच ओसरीवर चहा पिताना.